पुसलेली पुनव

लाइट काही इतक्यात येत नाहीत, बसा निवांत. टीव्ही बंद, केबल बंद, म्हणून तर तुम्हाला आज गच्चीवर या म्हाताऱ्याची आठवण झाली, ते काय मला कळत नाही? असू दे. चारुलता, तो कंदील जरा कठड्याकडे सरकव, डोळ्यांवर येतो. आणि बंडू, मध्ये बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. तू हसलास की मला राग येतो, आणि ही गोष्ट रागात सांगायची नाही.

अरविंद मयेकर आठवतो का कुणाला? आपल्या तळमजल्यावर जिन्याशेजारी खोली आहे ना, आता सायकली ठेवतात ती, तिथे त्याचं स्टेशन होतं. हो, स्टेशनच म्हणायचो आम्ही. दोन वर्षं झाली त्या रात्रीला. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी मला जे सांगितलं तेच सांगतो, आणि शेवटचं मी स्वतः पाहिलेलं आहे. पदरचं काही नाही.

तर रविवार, नऊ ऑगस्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी. नारळी पौर्णिमा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला अरविंद स्कूटर काढून चेंबूरला निघाला. तिथल्या व्हिडिओ लायब्ररीतून रात्रीच्या सिनेमाची कॅसेट आणायची, हे त्याचं रोजचंच काम. त्याची बायको वैजयंती सकाळीच भावाला राखी बांधायला गिरगावात गेली होती, ती दुसऱ्या दिवशी येणार. जाताना तिने डब्यात नारळीभात ठेवला होता आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाली होती, "आज सणाचा दिवस आहे. आज ती आली तर सांगून टाका."

"बघतो," अरविंद म्हणाला. गेले सहा महिने तो तेच म्हणत होता.

आता ही 'ती' कोण, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

पंच्याऐंशी साली हे वाशी म्हणजे अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगा आणि मोकळे प्लॉट. संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न. टीव्हीवर दूरदर्शन, आणि दूरदर्शनवर बरेचदा 'व्यत्यय'. अरविंद ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. नोकरी सोडून त्याने दुबईहून आलेल्या मित्राकडून दोन व्हीसीआर घेतले, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी टाकल्या आणि 'सागर व्हिडिओ' सुरू केलं. बघता बघता एकशे चाळीस घरं झाली. दूरदर्शनच्या बातम्या आटपल्या की दहाला सिनेमा. पण खरी गंमत सिनेमाच्या आधीच्या पंधरा मिनिटांत असायची. अरविंदने एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. गणपती, शाळेचं गॅदरिंग, सोसायटीची क्रिकेट मॅच, काहीही असलं की हा खांद्यावर कॅमेरा घेऊन हजर. आणि रविवारी आपणच आपल्याला टीव्हीवर दिसायचो. समोरच्या विंगमधल्या कुलकर्णीबाई तर त्या दिवशी नवी साडी नेसून आणि पावडर लावून टीव्हीसमोर बसायच्या, जसं काही टीव्हीतूनही कुणी त्यांना बघणार होतं.

शहाऐंशीच्या नारळी पौर्णिमेला अरविंद बेलापूरजवळ दिवाळ्याला गेला, कोळीवाड्यात. सजवलेल्या होड्या, बँड, गुलाल, सगळं शूट केलं. त्यात एका होडीच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, एक पोरगा नाचत होता. बावीस-तेवीस वर्षांचा, किसन त्याचं नाव. होडी हलतेय, टोक हातभर रुंद, आणि हा असा नाचतोय की सपाट जमिनीवर आपल्याला जमायचं नाही. अरविंदने चार मिनिटं कॅमेरा त्याच्यावरून हलवला नाही. मी ते टीव्हीवर पाहिलंय. सगळ्या सेक्टरने पाहिलं. पाहिलं नाही ते फक्त दिवाळ्याने, कारण तिथवर अरविंदची वायर पोचत नव्हती. "टीव्ही घेऊन येतो आणि तुम्हाला दाखवतो," असं तो त्यांना सांगून आला होता. ते राहिलंच.

मार्गशीर्षात किसनची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बाकीचे दोघे वाचले. किसन सापडला नाही... म्हणजे देहसुद्धा नाही.

त्याची आई चांगुबाय. मासळीची पाटी घेऊन वाशीला यायची, तुमच्या आयांनीही तिच्याकडून बोंबील घेतलेले असतील. एकुलता एक पोरगा गेल्यावर महिन्याभराने ती अरविंदच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, माजे किसनला तू टीवीत घातलास ना? मना दाव एकदा. घरान फोटू नाय त्याचा. लगनान काढू म्हनलेलं."

कॅसेट समोरच्या फळीवर होती. 'दिवाळे, पुनव' असं अरविंदने स्वतः लिहिलेलं. पाच मिनिटांचं काम होतं. पण दाराच्या वर एक नोटीस होती: 'मासळी विक्रेत्यांनी इमारतीच्या आवारात व जिन्यात बसू नये.' अरविंदने नोटिशीकडे पाहिलं, पाटीतून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, उद्या ये. पाटी न घेता ये."

ती नोटीस सोसायटीच्या सेक्रेटरीने लिहिली होती. सेक्रेटरी मी होतो. अक्षर माझं.

हं... पुढे ऐका.

दुसऱ्या दिवशी ती धंदा बुडवून, धुतलेलं लुगडं नेसून आली. तर खोलीत कमिटीची माणसं गणपतीची कॅसेट बघत बसलेली. त्यांच्यात तिला कुठे बसवायचं? अरविंद म्हणाला, उद्या. मग आणखी एक उद्या. आज लाइट नाहीत, आज व्हीसीआरचं हेड खराब आहे, आज मला ठाण्याला जायचंय. कारणांना काय तोटा असतो? आणि ती प्रत्येक वेळी "बरा" म्हणायची आणि जायची.

आता या लोकांच्या धंद्यातली एक गोष्ट. कॅसेटच्या पाठीला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, आतलं कायमचं राहतं. जपायच्या कॅसेटची पट्टी अरविंद त्याच दिवशी स्क्रूड्रायव्हरने मोडायचा. दिवाळ्याच्या कॅसेटची मोडायची राहिली होती. कोरी कॅसेट महाग, म्हणून जुन्यांवरच पुन्हा पुन्हा भरायचं, ही त्याची पद्धत. संक्रांतीनंतर सोसायटीच्या बायकांचं हळदीकुंकू होतं. बायका सजून खाली जमलेल्या, वैजयंती हाका मारतेय, आणि घाईघाईत अरविंदने फळीवर हाताला लागली ती कॅसेट कॅमेऱ्यात घातली...

रात्री लेबल वाचलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. कॅसेट मागेपुढे करकरून पाहिली. तिळगूळ, वाण, हसणाऱ्या बायका. त्यांच्या खाली आता काही नव्हतं. तो रात्रभर झोपला नाही, असं वैजयंतीने मला नंतर सांगितलं.

तेव्हाच सांगायचं ना त्याने? तेच तर. सांगितलं नाही. चांगुबाय दर पंधरा दिवसांनी येत राहिली आणि हा "शोधतोय मावशी" म्हणत राहिला. एकदा ती म्हणाली, "तोंड इसरत चाललीय मी त्याचं. झोपेन येतो, पन पाठमोरा येतो." त्या दिवशी अरविंद जेवला नाही.

वैजयंती म्हणायची, "अहो, सांगून मोकळे व्हा. रडेल, शिव्या देईल. कोळणीच्या शिव्यांनी कुणी मेलं नाही."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं," तो म्हणायचा. "ती नुसती 'बरा' म्हणते."

तर त्या रविवारी अरविंद आठला परत आला. नारळीभात खाल्ला. बरोबर दहाला सिनेमा लावला आणि खोलीचं दार अर्धवट लोटून खुर्चीत बसला. खोलीत दोन व्हीसीआर. एकावरून सिनेमा घरोघर जायचा. दुसरा एका लहान टीव्हीला जोडलेला, त्याचं त्याला बघण्यासाठी. पाऊस दोन दिवस नव्हता. आभाळ मोकळं होतं आणि चांदणं जिन्यापर्यंत आलं होतं.

सव्वादहाला त्याला खाडीचा वास आला.

वाशीत खाडीचा वास नवा नाही. पण हा अगदी जवळून आला. त्याने मान वळवली. उंबऱ्यावर चांगुबाय बसली होती. पाटी नव्हती. लुगडं ओलं होतं.

"मावशी, एवढ्या रात्री? बस कशी मिळाली तुला?"

तिने लुगड्याचा ओला पदर आवरून घेतला.

"आत ये. अशी वर खुर्चीवर बस." सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिला आत ये म्हटलं, आणि म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटली.

"नको. तुमची लादी वली होल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आज पुनव हाय. आज तरी दाव."

अरविंद उठला. सांगायचंच, असं ठरवून उठला होता. पण माणूस कसा असतो बघा. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "सापडली मावशी कॅसेट. पण... खराब झालीय. दिसेल न दिसेल." आणि त्याने ती हळदीकुंकवाची कॅसेट दुसऱ्या व्हीसीआरमध्ये घातली. मनात म्हणाला, ती बघेल, नाही दिसणार, म्हणेल नशीब माझं, आणि जाईल.

हे सगळ्यात वाईट. मला हे सांगताना तो रडला होता.

लहान टीव्हीवर चित्र आलं. बायका. कुंकवाचे करंडे. कुलकर्णीबाई कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करतायत. चांगुबाय उंबऱ्यावरून बघत होती. पापणी न हलवता बघत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. ती "नाय दिसत" म्हणेना.



"मावशी."

ती बघत होती.

"मावशी... त्यात किसन नाही."

ती बघत होती.

"मी पुसला. चुकून... चुकून नाही, आळसाने. तू आलीस तेव्हा होता तो. इथे, या फळीवर. मी तुला आत घेतलं नाही. मग पुसला गेला. आणि मग खोटं बोलत राहिलो."

 टीव्हीवरच्या बायका तेवढ्या हसत होत्या.

"म्हायती हाय," ती म्हणाली.

"काय?"

"संक्रातीपासना म्हायती हाय. तू माजे तोंडाकं बगनं सोरलंस तवापासना."

"मग... मग येत का राहिलीस?"

तिने टीव्हीवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू सांगशील म्हनून."

अरविंद खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून, जमिनीवर. त्याला तिच्याकडे बघवेना.

"सांगलास ना आता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता बगू दे."

तिची चाहूल त्याच्या अंगावरून पुढे गेली. ओल्या कापडाचा आवाज. ती टीव्हीजवळ गेली...

बायकांचं हसणं थांबलं.

मग ढोलकी.

हळू. लांबून, पाण्यावरून यावी तशी. मग जवळ. मग खोलीत.

अरविंदने डोकं वर केलं नाही. हिंमत झाली नाही. त्याला ऐकू येत होतं तेवढंच त्याने मला सांगितलं. ढोलकी. टाळ्या. माणसांचा गलका. आणि अगदी जवळ, त्याच्या कानाशी म्हणावं इतक्या जवळ, म्हातारी कुणाशी तरी बोलत होती. शब्द कळत नव्हते. बाहेरून दमून आलेल्या पोराशी आई बोलते तसं... बारीक आवाजात.

मग तेही थांबलं.

इथे माझं ऐका. मी त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर, माझ्या घरात, सिनेमा बघत होतो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी चित्र गेलं. नुसत्या मुंग्या. मी घड्याळ पाहिलं कारण मला अरविंदला झापायचं होतं. चव्वेचाळीसला सिनेमा परत आला. एकशे चाळीस घरांत हेच झालं. नंतर मी घरोघर फिरून विचारलंय. सिनेमाच्या व्हीसीआरला अरविंदने हातही लावला नव्हता.

खाली त्याने मान वर केली तेव्हा लहान टीव्हीवरही मुंग्याच होत्या. खोलीत कुणी नव्हतं. तो धावत गेटवर गेला. शिवा वॉचमन स्टुलावर बसला होता.

"शिवा, आता म्हातारी गेली ना बाहेर?"

"कोन म्हातारी, साहेब? साडेनऊला कुलूप लावलंय मी. कोनी आलं नाय, गेलं नाय."

शिवा झोपत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रात्री उशिरा आलात की कसा उलटतपासणी घेतो.

सोमवारी पहाटेच अरविंद दिवाळ्याला गेला. बरोबर टीव्ही नेला होता, व्हीसीआर नेला होता. स्कूटरवर पुढे-मागे बांधून. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही. म्हणाला, रिकाम्या हाताने जाववेना. जेट्टीवर सिताराम नावाचा एक कोळी जाळं उकलत बसला होता. होड्यांना अजून झेंडे आणि माळा होत्या, पण गुलाल कुठे दिसत नव्हता.

"चांगुबायचं घर कुठलं?" अरविंदने विचारलं.

सितारामने जाळं खाली ठेवलं. "तू कोन तिचा?"

"मी... वाशीचा. टीव्हीवाला."

"तू तो होय." सिताराम त्याच्याकडे बघत राहिला. "काल दुपारी जेऊन पडली ती उठलीच नाय. चारला आग दिली. म्हनून तर नारल सोरला आमी मुक्यानी, बँड नाय वाजवला."

"चारला?"

"चारला. सगला गाव होता."

अरविंद तिथून सरळ माझ्या घरी आला. बेल वाजवली तेव्हा मी दाढी करत होतो. त्याचा चेहरा बघून मी वस्तरा खाली ठेवला. तो चहासुद्धा न घेता सगळं बोलला, आणि मी ऐकत असताना मला सारखी ती माझी नोटीस दिसत होती, आवारात आणि जिन्यात बसू नये, सुवाच्य अक्षरात, खाली सही. तो एकटा गुन्हेगार नव्हता. म्हातारी इतके महिने खोलीच्या आत आली नाही ती काही फक्त त्याच्यामुळे नाही. पण तो कबूल करून बसला होता. मी आज करतोय, दोन वर्षांनी, अंधारात, पोरांसमोर. बघा म्हणजे झालं.

मी म्हटलं, "अरविंद, तुला भास झाला. चल, कॅसेट लावून बघू."

खाली गेलो. स्कूटरवरून टीव्ही आणि व्हीसीआर उतरवून जोडले, दार लावलं. कॅसेट अजून व्हीसीआरमध्येच होती. त्याने ती मागे नेली आणि सुरू केली.

बायका. करंडे. कुलकर्णीबाईंचा पदर. वैजयंती वाण देतेय. "बघ," मी म्हणणार होतो. तेवढ्यात चित्र थरथरलं, एक आडवी रेघ वरून खाली गेली...

आणि पाणी दिसलं. ऊन. सजवलेली होडी.

अरविंदने माझा हात धरला. पुसलेलं परत येत नाही, बंडू, कुणालाही विचार. पण मी ते डोळ्यांनी बघत होतो. तीच शहाऐंशीची पुनव. तीच माणसं, तोच बँड, हवेत उडालेला गुलाल. सगळे टाळ्या वाजवतायत, सगळे नाळीकडे बघून ओरडतायत. चार मिनिटं कॅमेरा नाळीवरून हलत नाही.

नाळीवर कुणी नव्हतं.

होडी तेवढी वर-खाली होत होती. गुलाल त्या जागेवर पडत होता आणि सरळ फळीवर येत होता. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या केसांत अडकत नव्हता.

"घेऊन गेली," अरविंद म्हणाला.

 मी ढोलकीवाल्याकडे बघत होतो. तो नाळीला खेटून खाली बसला होता. असे लोक कसे वाजवतात माहीत आहे ना? नाचणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवून. चारही मिनिटं त्याची नजर त्या रिकाम्या फळीवर होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होती, आणि त्याचा ठेका एकदाही चुकला नाही.